फोन कोणाचे ऐकतो? लिनक्स स्मार्टफोनकडे वळण्याआधी समजून घेण्याच्या गोष्टी

मार्च २०२१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी एक मोजणी प्रसिद्ध केली. त्यांनी एक अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन घेतला, माहिती पाठवण्याच्या ज्या परवानग्या नाकारता येतात त्या नाकारल्या, आणि कोणी वापरत नसताना हे फोन कोणाशी संपर्क साधतात ते तपासले. दोन्ही फोन सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीच्या सर्व्हरला काही ना काही कळवत होते, आणि त्या माहितीत फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनला दिलेला वेगळा ओळख क्रमांक), हार्डवेअरचा अनुक्रमांक आणि सिमची ओळख यांसारख्या गोष्टी होत्या. गूगलने मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि फोन नीट चालावा म्हणून अशी देवाणघेवाण लागतेच, अशी बाजू मांडली. तो आक्षेप मान्य केला तरी एक गोष्ट उरते. मालकाने नकार दिल्यावरही हा संपर्क चालू राहतो, आणि तो पूर्णपणे थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्ये कोठेही नाही.

लिनक्स फोनचा विचार करणारा माणूस बहुधा अशाच एखाद्या अस्वस्थतेतून तिकडे वळतो. ही अस्वस्थता रास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु या विषयावर बोलताना नियंत्रण, खासगीपणा आणि सुरक्षा ही तीन नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात, आणि त्यामुळे अनेकांची निराशा होते. लिनक्स फोन नियंत्रण खरोखर देतो, खासगीपणा मिळवण्याची संधी देतो, आणि सुरक्षेच्या बाबतीत काही ठिकाणी चांगल्या अँड्रॉइड फोनपेक्षा मागे पडतो. हे तिन्ही वेगवेगळे ठेवून समजून घेतले, तरच बदल करायचा की नाही आणि किती करायचा हे प्रत्येकाला आपापल्या गरजेप्रमाणे ठरवता येईल.

अँड्रॉइडमध्येही लिनक्स आहे, मग वेगळे काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेले लिनक्स हे मुळात कर्नल आहे. प्रोसेसर, मेमरी, पडदा, वायफाय यांसारख्या हार्डवेअरवर ताबा ठेवणारा आणि इतर प्रोग्रामना त्यांचा वाटा देणारा असा हा सॉफ्टवेअरचा सर्वांत खालचा थर असतो. अँड्रॉइडचा पायाही हाच कर्नल आहे, त्यामुळे जगातील बहुसंख्य स्मार्टफोन तांत्रिक अर्थाने लिनक्सवरच चालतात. फरक पडतो तो कर्नलच्या वरच्या थरांमध्ये. अँड्रॉइडचा गाभा ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेला असला, तरी दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फोनांवर त्याच्या जोडीला गूगलच्या बंदिस्त सेवा असतात, आणि नकाशे, सूचना, स्थान, ॲपची खरेदी अशी कितीतरी कामे त्या सेवांमार्फत होतात. या सेवांना फोनमध्ये जे अधिकार असतात ते मालकाला नसतात. मालक त्यांचा मूळ कोड उघडून पाहू शकत नाही, आणि नेहमीच्या मार्गाने त्या काढूनही टाकू शकत नाही.

आपण ज्याला लिनक्स फोन म्हणतो, त्यात कर्नलच्या वर संगणकावरील लिनक्सचेच ओळखीचे थर असतात. डेबियन किंवा अल्पाइन यांसारखी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच), प्रोग्राम जेथून बसवायचे ते तिचे पॅकेज भांडार, वायफाय सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर, सिम आणि मोडेमशी (मोबाइल जाळ्याशी जोडणाऱ्या भागाशी) बोलणारा मोडेममॅनेजर, आणि या सर्वांवर बोटाने वापरता येईल असे दर्शनी रूप. या दर्शनी रूपांपैकी प्युरिझम कंपनीने सुरू केलेले फॉश आणि केडीई प्रकल्पाचे प्लाझ्मा मोबाइल ही दोन सर्वाधिक वापरात आहेत. फोनमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी उघडता येते, प्रशासकाचा पासवर्ड मालकाकडेच असतो, आणि कोणती प्रक्रिया चालू आहे, कोणते पॅकेज का बसवले गेले, कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्याशी जोडला गेला आहे, हे सर्व पाहता येते. खाते उघडल्याशिवाय फोन सुरूच होणार नाही, अशी अट नसते.

या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला आज अधिक वजन आले आहे, याचे एक कारण अलीकडचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की गूगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनांवर यापुढे ज्यांनी आपली ओळख गूगलकडे पडताळून घेतली आहे अशाच विकासकांची ॲप बसवता येतील, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या ॲपनाही हा नियम लागू राहील. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळा मार्ग ठेवण्याचे कंपनीने मान्य केले. फसवी ॲप रोखण्याचा जो हेतू सांगितला गेला तो खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या फोनवर कोणता प्रोग्राम चालवायचा याचा अंतिम निर्णय कोणाकडे आहे, हे त्या एका घोषणेने जितके उघड झाले तितके पूर्वी क्वचितच झाले असेल.

या वाटेवर आधी कोण चालले

हा प्रयत्न नवा नाही. ओपनमोको प्रकल्पाचा निओ १९७३ हा फोन २००७ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी निओ फ्रीरनर आला. नोकियाने २००९ मध्ये माइमो प्रणालीवरचा एन९०० काढला, ज्यात टर्मिनल आणि सरकवून बाहेर येणारा कळफलक होता, आणि २०११ मध्ये मीगो प्रणालीचा एन९ आणला. तोपर्यंत नोकियाने मायक्रोसॉफ्टशी करार करून विंडोज फोनचा रस्ता धरला होता. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी योला ही कंपनी काढली आणि सेलफिश ही प्रणाली पुढे नेली, जी आजही चालू आहे. संगणकावरचे उबुंटू लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू टच आणले, २०१५ मध्ये त्यावरचा पहिला फोन विक्रीस आला, आणि एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने हात काढून घेतला. मात्र प्रणाली मेली नाही. यूबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या समुदायाने ती उचलली आणि ती आजतागायत अनेक फोनांवर चालते. कोड खुला असल्यामुळेच हे शक्य झाले. कंपनी बाजूला झाली तरी काम करणाऱ्यांना ते पुढे नेता येते, हा लिनक्स फोनच्या बाजूने मला सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा आहे.

खासगीपणा नेमका कोठे मिळतो

सर्वांत मोठा लाभ एखाद्या खास सोयीतून मिळत नाही. अनेक गोष्टी मुळात नसतात, हाच तो लाभ आहे. जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक नसतो. पार्श्वभूमीत सतत चालणारी आणि सर्व ॲपना जोडणारी एका कंपनीची सेवा नसते. भांडारातील बहुतेक प्रोग्रामना जाहिरातीतून पैसे मिळवायचे नसतात, त्यामुळे वापर मोजणारे तिऱ्हाइताचे कोड त्यांत घालण्याचे कारणच उरत नाही.

भांडाराची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. ॲप स्टोअरमध्ये विकासक स्वतः तयार फाइल चढवतो. डेबियनसारख्या डिस्ट्रोत विकासक आणि वापरकर्ता यांच्या मध्ये पॅकेज सांभाळणारा तिसरा माणूस असतो, जो मूळ कोड घेऊन, डिस्ट्रोचे नियम पाळून पॅकेज तयार करतो, आणि त्रासदायक भाग काढून टाकण्याचा अधिकार त्याला असतो. ही पद्धत अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला, आणि तो डेबियनच्या चाचणीसाठीच्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचलेला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, हा प्रश्न पडला, त्यांनी खोदून पाहिले आणि स्थिर आवृत्तीत शिरण्याआधी तो सापडला. कोड खुला असला की तो कोणीतरी तपासलेलाच असतो, असा निष्कर्ष यातून काढू नये. शंका आलेल्या माणसाला तो तपासता येतो, एवढे मात्र या घटनेने दाखवून दिले.

सूचनांचा प्रश्न कमी चर्चिला जातो, पण तो गंभीर आहे. नेहमीच्या फोनवर संदेश आल्याची सूचना ॲपच्या सर्व्हरकडून थेट येत नाही. ती गूगल किंवा ॲपलच्या सूचना सेवेतून येते. संदेशाचा मजकूर एनक्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असला, तरी कोणत्या ॲपची सूचना कोणत्या फोनला केव्हा गेली, ही नोंद मधल्या कंपनीकडे तयार होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी लिहिलेल्या पत्रातून हे जाहीर झाले, की सरकारी यंत्रणा या नोंदी कंपन्यांकडून मागवत होत्या. लिनक्स फोनवर ही मधली सेवा नसते. प्रत्येक प्रोग्राम आपल्या सर्व्हरशी स्वतः जोडलेला राहतो, किंवा युनिफाइडपुशसारखी खुली व्यवस्था वापरतो, ज्यात मधला सर्व्हर कोणाचा असावा हे मालक निवडू शकतो. याची किंमत बॅटरीत मोजावी लागते, आणि फोन गाढ झोपेत गेला असेल तर इंटरनेटवरचे संदेश तो जागा होईपर्यंत पोहोचत नाहीत. कॉल आणि एसएमएस मोडेममार्फत येत असल्याने ते फोनला जागे करू शकतात.

आणि मग हार्डवेअरचे खटके. प्युरिझमच्या लिब्रेम ५ या फोनच्या कडेला तीन खटके आहेत. एक मोबाइल मोडेमचा, दुसरा वायफाय आणि ब्लूटूथचा, तिसरा कॅमेरा आणि मायक्रोफोनचा. तिन्ही बंद केले की जीपीएस आणि इतर संवेदकही बंद होतात. पाइन६४ च्या पाइनफोनमध्ये मागचे झाकण काढल्यावर सहा बारीक खटके दिसतात. सॉफ्टवेअरमधील बटण हे सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवल्याशिवाय निरर्थक असते, कारण फोन आतून बिघडवला गेला असेल तर ‘मायक्रोफोन बंद’ असे दाखवूनही तो चालू ठेवता येतो. हे खटके त्या भागाचे काम विजेच्या पातळीवर तोडतात, त्यामुळे कोणताही प्रोग्राम ते परत चालू करू शकत नाही. पत्रकार, वकील, किंवा कोणाच्या तरी पाळतीची खरी भीती असलेल्या व्यक्तीसाठी ही सोय मोलाची आहे, आणि ती सर्वच फोनांत असायला हवी होती.

जे बदलत नाही

फोनमधील प्रणाली बदलली म्हणून मोबाइल जाळे बदलत नाही. कॉल यावेत यासाठी आपला फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे हे जाळ्याला माहीत असावेच लागते, म्हणून सेवा देणाऱ्या कंपनीला आपले साधारण स्थान सतत कळत राहते. साधा कॉल आणि एसएमएस कंपनीच्या दृष्टीने उघडेच असतात. आयएमईआय क्रमांक मोडेममार्फत जाळ्याला मिळतोच. यांपैकी काहीही लिनक्स थांबवू शकत नाही. मोडेमचा खटका बंद करणे, किंवा मोडेमशिवाय केवळ वायफायवर फोन वापरणे, एवढेच उपाय उरतात.

मोडेम हा स्वतंत्र संगणकच असतो. त्याचा स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचे फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) असते, आणि ते फर्मवेअर लिनक्स फोनांमध्येही बंदिस्तच आहे. लिब्रेम ५ आणि पाइनफोन यांच्या रचनेत येथे एक विचारपूर्वक केलेला फरक आहे. मोडेम मुख्य प्रोसेसरच्या चिपमध्ये न घालता वेगळा ठेवला आहे आणि तो यूएसबीने जोडला आहे, त्यामुळे मोडेमला मुख्य मेमरीत थेट डोकावता येत नाही. लिब्रेम ५ मध्ये तर तो काढून बदलताही येतो. पाइनफोनच्या मोडेममध्ये आत एक छोटे लिनक्सच चालते, आणि स्वयंसेवकांनी त्या भागासाठी खुला पर्याय लिहिला आहे. रेडिओ लहरी सांभाळणारा सर्वांत आतला भाग मात्र त्यातही बंदच राहतो.

वेबवरचा माग आणि खात्यांचा माग हेही तसेच राहतात. लिनक्स फोनवरून कोणी त्याच समाजमाध्यमाच्या खात्यात, त्याच ईमेलने, त्याच ब्राउझरमधून जात असेल, तर त्या कंपन्यांच्या दृष्टीने फारसे काही घडलेले नसते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की फोन बदलण्याआधी सवयी बदलून पाहाव्यात. फायरफॉक्समध्ये जाहिराती आणि मागोवा रोखणारे विस्तारक बसवणे, नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली ॲप वापरणे, फोटो आणि संपर्क आपल्या ताब्यातील जागी ठेवणे, हे सर्व आजच्या फोनवरही करता येते. ज्याला हे सहा महिने जमले, त्याला लिनक्स फोन परका वाटणार नाही.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोलायला हवे

आता तो भाग, जो लिनक्सचे चाहते टाळतात. खासगीपणा म्हणजे आपली माहिती ज्यांना द्यायची नाही त्यांच्याकडे न जाणे. सुरक्षा म्हणजे हल्ला झाल्यावर फोनने टिकाव धरणे. अँड्रॉइड आणि आयओएस यांनी दुसऱ्या बाबतीत गेल्या दीड दशकात फार मोठी मजल मारली आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला प्रणालीच्या दृष्टीने स्वतंत्र वापरकर्ता मानले जाते, त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याच्या फाइल दिसत नाहीत. फोन सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर प्रणालीच्या स्वाक्षरीची तपासणी होते, आणि कोणी ती बदलली असेल तर ते लक्षात येते. एनक्रिप्शनच्या किल्ल्या अनेक फोनांत वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असतात, आणि चुकीचे पासवर्ड पुन्हापुन्हा टाकणाऱ्याला ती चिप रोखते.

संगणकावरच्या लिनक्सची परंपरा वेगळी आहे. तिथे भांडारातून आलेल्या प्रोग्रामवर विश्वास ठेवला जातो, आणि एका वापरकर्त्याने सुरू केलेले सर्व प्रोग्राम त्याच्या सर्व फाइल वाचू शकतात. एखाद्या खेळाला आपले फोटो आणि ब्राउझरचे साठवलेले पासवर्ड वाचण्यापासून रोखणारी भिंत आपोआप उभी राहत नाही. फ्लॅटपॅक या ॲप वाटपाच्या पद्धतीतून बसवलेली ॲप काही प्रमाणात कोंडून ठेवता येतात, मात्र त्यांनी मागितलेल्या परवानग्या अनेकदा सैल असतात आणि त्या स्वतः आवळाव्या लागतात. उबुंटू टचने या बाबतीत अधिक काळजी घेतली आहे. तिथे मूळ प्रणाली केवळ वाचता येणारी ठेवलेली असते आणि ॲप ॲपआर्मर या संरक्षक व्यवस्थेच्या कुंपणात चालतात. फॉश आणि प्लाझ्मा मोबाइल हे वेलँड या नव्या पद्धतीवर चालतात, त्यामुळे एका खिडकीतील टंकलेखन दुसऱ्या प्रोग्रामला चोरून वाचता येण्याचा जुना दोष त्यांत राहिलेला नाही. संपूर्ण डिस्कसाठी एलयूकेएस हे लिनक्सचे एनक्रिप्शन उपलब्ध आहे. तरीही सुरू होतानाची संपूर्ण तपासणी आणि वेगळी सुरक्षित चिप या दोन बाबींत बहुतेक लिनक्स फोन उणे आहेत, आणि चोरीला गेलेला किंवा काही काळ दुसऱ्याच्या हाती पडलेला फोन, ही परिस्थिती त्यांच्यासाठी अधिक धोक्याची आहे.

म्हणूनच एक पर्याय येथे सांगितला नाही तर लेख अपुरा राहील. ज्याला गूगलच्या सेवांपासून सुटका हवी आहे आणि हल्ल्यांपासून भक्कम संरक्षणही हवे आहे, त्याने ग्राफीनओएसचा विचार आधी करावा. ही अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावर उभी असलेली प्रणाली मुख्यतः पिक्सेल फोनांवर चालते. तीत गूगलच्या सेवा मुळात नसतात, आणि कोणी त्या बसवल्या तरी इतर ॲपप्रमाणेच त्या कुंपणात राहतात. ती बसवल्यावर बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम, पुन्हा कुलूपबंद करता येतो. फोन बहुधा गूगलचाच असतो आणि अँड्रॉइडच्या विकासाची दिशा गूगलच ठरवते, हा तिचा बंध. लिनक्स फोन या बंधातूनही मोकळा असतो. एकाच्या बाजूने सुरक्षा जड आहे आणि दुसऱ्याच्या बाजूने स्वायत्तता, आणि त्यांतील निवड प्रत्येकाला आपल्याला भीती कशाची आहे ते ओळखून करावी लागेल.

प्रत्येक फोनवर लिनक्स का चालत नाही

संगणकावर लिनक्स बसवणाऱ्याला वाटते, की फोनवरही तसेच होईल. तसे होत नाही. संगणक सुरू होताना आपल्यात कोणकोणते भाग आहेत हे बहुतांशी स्वतः कळवतो. फोनमध्ये ते प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे लिहून द्यावे लागते, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्या आपले ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे कोडचे भाग) कर्नलच्या एखाद्या जुन्या प्रतीत बदल करून देतात. ती प्रत मुख्य कर्नलमध्ये सहसा विलीन होत नाही. कंपनीने तिच्याकडे पाहणे थांबवले की फोन धडधाकट असूनही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने म्हातारा होतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे अँड्रॉइडसाठीचे बंदिस्त ड्रायव्हर तसेच ठेवून त्यांच्यावर लिनक्सचे थर चढवणे. लिबहायब्रिस आणि हॅलियम हे प्रकल्प तेच करतात, उबुंटू टचचे पुष्कळसे फोन त्यावर चालतात, आणि त्यामुळे कॅमेरा व बॅटरी बऱ्यापैकी काम करतात. दुसरा उपाय कष्टाचा आहे. प्रत्येक भागासाठी खुला ड्रायव्हर लिहून तो मुख्य कर्नलमध्ये सामील करायचा. २०१७ मध्ये सुरू झालेला आणि अल्पाइनवर आधारलेला पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प त्या दिशेने झटतो, आणि स्मार्टफोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे हे त्याने सुरुवातीपासून ठेवलेले ध्येय आहे. वनप्लस ६ हा २०१८ चा फोन त्यातील स्नॅपड्रॅगन ८४५ चिपसाठी झालेल्या कामामुळे या वर्तुळात अजूनही आवडीने वापरला जातो. मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण पहिल्यात फोनच्या पोटात तीच बंदिस्त सामग्री राहते. पण रोजच्या वापरासाठी पहिला आज अधिक सोयीचा आहे, हे मान्य करावे लागते. सेलफिशबद्दलही एवढे लक्षात ठेवावे, की तिचा गाभा खुला असला तरी दर्शनी भागाचे काही घटक आणि अँड्रॉइड ॲप चालवण्याची सोय बंदिस्त आहे.

प्रत्यक्ष वळताना

सर्वांत आधी बँक, तिकिटे, शासकीय ओळख अशा कामांच्या ॲपची यादी करावी. यांपैकी अनेक ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेला विचारतात, की हा फोन प्रमाणित आहे का, आणि नकार आला की चालत नाहीत. लिनक्स फोनवर वेड्रॉइडच्या मदतीने अँड्रॉइडची वेगळी खोली उघडून त्यात ॲप चालवता येतात, आणि संदेश किंवा प्रवासाची बरीच साधी ॲप तिथे व्यवस्थित चालतात. फोन प्रमाणित असल्याची खात्री मागणारी ॲप मात्र बहुधा तिथेही अडतात. ज्या कामांसाठी वेबसाइट पुरेशी आहे ती ब्राउझरवर हलवावीत, आणि उरलेल्या दोन-तीन कामांसाठी जुना फोन घरी वायफायवर ठेवावा. यात कमीपणा काहीच नाही. दिवसभर सोबत असणारे, आपले स्थान जाणू आणि बोलणे ऐकू शकणारे यंत्र आपल्या ताब्यात आले, तर मोठा भाग साधला गेला.

फोन निवडताना जाहिरातीपेक्षा प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावर विसंबावे. पोस्टमार्केटओएस प्रत्येक मॉडेलबद्दल कॅमेरा, आवाज, मोडेम, जीपीएस, बॅटरी यांपैकी काय चालते आणि काय नाही, हे उघडपणे लिहितो. यूबीपोर्ट्सही तसेच करते. फोनवर बोलणे कसे होते, ही बाब सर्वांत बारकाईने पाहावी. जेथे जुनी २जी आणि ३जी जाळी बंद झाली किंवा होत आहेत, तेथे कॉल ४जी वरूनच, म्हणजे व्होएलटीई पद्धतीने जातात, आणि अनेक लिनक्स फोनांवर हीच सोय अपुरी किंवा ठरावीक कंपन्यांपुरती आहे. कॉल लागत नसेल तर आपत्कालीन क्रमांकही लागेल याचा भरवसा नाही, म्हणून हा प्रश्न सुटल्याशिवाय लिनक्स फोन एकमेव फोन म्हणून कोणीही वापरू नये, विशेषतः ज्यांच्यावर लहान मुले किंवा आजारी माणसे अवलंबून आहेत त्यांनी.

बूटलोडर उघडताना फोनवरील सर्व माहिती पुसली जाते, तेव्हा आधी प्रत काढून ठेवावी. दुहेरी पडताळणीचे कोड देणारे ॲप जुन्या फोनवर असेल, तर त्यातील नोंदी नव्या जागी हलवल्याशिवाय तो फोन पुसू नये, अन्यथा आपल्याच खात्यांबाहेर अडकण्याची वेळ येते. प्रणाली बसवताना डिस्कच्या एनक्रिप्शनचा पर्याय निवडावा, कारण नंतर तो लावायचा झाल्यास बहुधा सर्व काही पुन्हा बसवावे लागते. प्रशासकाचा पासवर्ड लांब ठेवावा. दूरस्थ लॉगिनची सेवा चालू असेल आणि ती लागत नसेल, तर बंद करावी. नियंत्रण आपल्या हाती आले, याचा अर्थ ही कामेही आपल्याकडे आली, आणि अपडेट वेळेवर घेण्याची जबाबदारीही.

पहिले काही आठवडे दुसरे सिम घालून फोन वापरावा आणि रोजच्या गोष्टी तपासाव्यात. झोपेत गेलेला फोन कॉल आल्यावर जागा होतो का, सकाळचा गजर वाजतो का, कानाला लावल्यावर पडदा बंद होतो का, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते का. फोटोंचा दर्जा बहुतेकांना खटकेल, कारण आजच्या फोनमधील छायाचित्रांची कमाल लेन्सपेक्षा बंदिस्त प्रक्रियेत अधिक असते. जे बिघडेल त्याची नोंद टर्मिनलमधून काढता येते, आणि ती प्रकल्पाच्या त्रुटी नोंदवहीत मॉडेल, आवृत्ती आणि घटनेचा क्रम लिहून दाखल करता येते. मोडेम किंवा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लिहिणारे हातावर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांच्याकडे प्रत्येक मॉडेल नसते, त्यामुळे नीट लिहिलेल्या अशा नोंदीवरून दुरुस्ती होते आणि ती पुढच्या अपडेटमध्ये त्या मॉडेलच्या सर्व फोनांवर पोहोचते.